बदामाची लाल पानं

रंगलेली पानं पाहायला काश्मीरचे चिनारच गाठायला हवेत असं नाही. मुंबईत, कोकणात रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात देशी बदाम असतोच. हिवाळ्यात त्याची तळहाताहून मोठी पानं पिवळी, नारिंगी, शेवटी गडद लाल होतात.

पान गाळण्याआधी झाड त्यातलं हरितद्रव्य मोडतं आणि नायट्रोजन परत ओढून घेतं. हिरवा ओसरला, की आधीपासून दडलेली पिवळी कॅरोटिनॉइड्स दिसू लागतात. लाल रंग मात्र दडलेला नसतो. तो त्या वेळी नव्याने तयार होतो. पानातल्या साखरेच्या आधारे अँथोसायनिन बनतं. उन्हाच्या माऱ्यापासून ते पानाला जपत असावं, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. गळू घातलेल्या पानासाठी झाडाने एवढा खटाटोप करावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खाली पडलेलं एखादं पान उचलून उन्हासमोर धरा. लाल, पिवळा, हिरवा, तिन्ही रंग एकाच पानावर सापडतात.

सह्याद्रीत फेब्रुवारी-मार्चमध्ये लालभडक दिसणारा कुसुंब वेगळा. ती त्याची कोवळी पालवी. तिथेही रंग अँथोसायनिनचाच.