गोळी गावात आली, तपासणी वाटेतच राहिली

सप्टेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारनं अत्यावश्यक औषधांच्या यादीतून रॅनिटिडीन काढलं. ते मनाला लागलं. वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीसारख्या गावांनी पित्ताची सारी दुखणी ज्या गोळीवर सोपवली, तिच्यात कर्करोगाची शक्यता वाढवणारी अशुद्धता सापडली होती. गोळी बदलली, पण जळजळ कशाची, हे विचारणं मागे पडलं ते पडलंच.

फार मागचं सांगण्यासारखं थोडंच आहे. खायचा सोडा, थंड दूध, झालं.

बिघडलं ते १९९८नंतरच्या दहा वर्षांत. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, आता उपचारासाठी अकोल्याच्या चकरा वाचतील असं वाटलं. त्याच काळात ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या मेडिकलमध्ये सर्रास मिळू लागल्या. भारनियमनामुळे शेताला वीज रात्रीची. माणसं ओलित करून उशिरा जेवत, लगेच आडवी होत. तोंडात तंबाखूचा खर्रा असेच. तंबाखूनं जठराच्या तोंडाची झडप सैल पडते. घशाशी आंबट येणारच.

पूर्वीचे डॉक्टर खोदून विचारत. जेवल्यावर जळजळतं की उपाशीपोटी? वाकल्यावर, निजल्यावर वाढतं? घास अडकतो? वजन उतरलं? शौच काळी होते? निम्मं निदान तिथेच व्हायचं. त्या दशकात हे प्रश्न गेले आणि ‘गॅस आहे’ एवढंच उरलं. ओळखीतल्या एकाला छातीत दुखत असताना असंच गोळी देऊन घरी धाडलं. दुखणं हृदयाचं निघालं. तो राग अजून गेलेला नाही.

घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच अशी धोक्याची खूण नसेल तर चार ते आठ आठवडे गोळी देऊन पाहणं योग्यच. पण तिनं बरं वाटलं म्हणजे रोग सिद्ध झाला असं नाही. दुर्बिणीतून बघितलं तरी रिफ्लक्सच्या, म्हणजे आम्ल वर येण्याच्या, कितीतरी रुग्णांची अन्ननलिका स्वच्छ दिसते. गोळी चालू असेल तर जखमा भरलेल्याही असतात. अशा वेळी गोळी बंद करून, नाकावाटे बारीक नळी सोडून २४ तास आम्ल मोजतात. ६ टक्क्यांहून जास्त वेळ अन्ननलिकेत आम्ल असेल तर रोग पक्का. ४ टक्क्यांखाली असेल तर कारण बहुधा दुसरं. या मोजणीचं गणित जॉन्सन आणि डीमीस्टर यांनी १९७४मध्येच मांडलं होतं.

ऑक्टोबर २०२४मध्ये वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. वर्षानुवर्षं गोळी खाणाऱ्या इंझोरीच्या शेतकऱ्याला ही मोजणी तिथे, सरकारी खर्चानं मिळाली पाहिजे. आणि नळीच्याही आधी, त्याला ते जुने प्रश्न विचारणारा डॉक्टर.