मुलांचे गुण आणि आईबापांची आशा

दरवर्षीं दहावीचा निकाल लागला, म्हणजे आमच्या पिंपळे गुरवच्या गल्ल्यांतून दोन प्रकारचीं घरें दिसूं लागतात. कांहीं घरांतून पेढ्यांचे पुडे बाहेर पडतात, आणि कांहीं घरांचीं दारें भर दुपारीं लोटलेलीं असतात. पवनेच्या कांठचें हें गांव एके काळीं शेतकऱ्यांचें होतें. आज तेथें भोसरी, पिंपरी, चाकण येथील कारखान्यांत पाळीनें जाणाऱ्या लोकांचीं घरें दाटीनें उभीं आहेत. यंत्रापाशीं उभें राहून ज्यानें आयुष्य काढलें, त्या बापाला वाटतें, आपल्या मुलानें तरी हिंजवडीच्या एखाद्या कचेरींत खुर्चीवर बसून काम करावें. ही इच्छा वाईट नव्हे. परंतु ती सफळ होण्याचें चिन्ह दिसेनासें झालें, कीं त्या लोटलेल्या दारामागें काय बोललें जातें, हें मला ठाऊक आहे. कारण तसलें एक दार माझ्या स्वतःच्या घराचें होतें.

मी कांहीं मानसशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक झाल्यावर शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून मीं तीसांहून अधिक वर्षें प्राथमिक शाळेंत मुलें शिकविलीं, आणि आतां निवृत्त झालों आहें. आज मला विशेषेंकरून ख्रिस्ती आईबापांशीं बोलावयाचें आहे. परंतु मुलांविषयींची काळजी कांहीं एकाच धर्माच्या वांट्याला आलेली नाहीं, म्हणून इतर श्रोत्यांनींहि हें बोलणें आपल्याशींच आहे असें समजावें.

माझा धाकटा मुलगा लहानपणीं पुस्तकापाशीं बसत नसे. सायकलची साखळी, बंद पडलेला पंखा, शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप ह्यांत त्याचा जीव रमे. मी शिक्षक, आणि माझ्याच घरीं असा मुलगा निपजावा, ह्याची मला लाज वाटे. दहावीला तो गणितांत नापास झाला, तेव्हां पाहुण्यांच्या देखत मीं त्याला 'ढ' म्हटलें. पुढें एका रविवारीं उपासना संपल्यावर मंडळींत नव्यानें आलेल्या एका गृहस्थांनीं त्याला मायेनें विचारलें, "बाळ, तूं कोणाचा?" त्यानें खालीं मान घालून उत्तर दिलें, "मी मास्तरांचा नापास झालेला मुलगा."

श्रोतेहो, त्यानें आपलें नांव सांगितलें नाहीं. मीं दिलेलें नांव सांगितलें. बाप्तिस्म्याच्या वेळीं आम्हीं देवासमोर त्याला एक नांव दिलें होतें, तें मीं एका गुणपत्रिकेवरून बदलून टाकिलें होतें.

मूल काय करूं शकतें, हा प्रश्न महत्त्वाचा खरा. पण त्याच्या आधीं दुसरा एक प्रश्न येतो, तो म्हणजे मूल कोण आहे, हा. पवित्र शास्त्राच्या आरंभींच सांगितलें आहे, कीं मनुष्य हा देवाच्या प्रतिरूपाचा आहे. तेथें हुशार मनुष्य आणि मंद मनुष्य असा भेद केलेला नाहीं. आणखी एक गोष्ट पाहा. यार्देन नदींत प्रभु येशूचा बाप्तिस्मा झाला, तेव्हां स्वर्गांतून पित्याची वाणी झाली, कीं हा माझा परमप्रिय पुत्र असून ह्याच्याविषयीं मी संतुष्ट आहें. त्या घटकेपर्यंत येशूनें लोकांपुढें एकहि उपदेश केलेला नव्हता. तोंवर तो नासरेथच्या एका सुताराच्या घरांत वाढलेला तरुण होता. पित्याची पसंती आधीं आली आणि कार्य मागून आलें. आपण मात्र कार्य आधीं मागतों आणि पसंती मागें ठेवितों.

हा क्रम नीट ध्यानांत ठेविला, म्हणजे निरनिराळ्या मुलांच्या निरनिराळ्या बुद्धीचा प्रश्न पुष्कळ सोपा होतो. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायांत बसालेल नांवाच्या कारागिराची हकीकत आहे. देवानें त्याला आपल्या आत्म्यानें भरलें, तें प्रवचनें करण्यासाठीं नव्हे. सोनें, रुपें व पितळ घडविण्यासाठीं, रत्नांना पैलू पाडण्यासाठीं आणि लांकडावर कोरीव काम करण्यासाठीं. उलट, ज्या मोशेनें लोकांचें पुढारीपण केलें, त्याला चार माणसांत बोलतां येत नाहीं अशी त्याचीच तक्रार होती, आणि बोलण्याचें काम त्याच्या भावाला करावें लागलें. मत्तयाच्या शुभवर्तमानांत धन्यानें चाकरांना कमीअधिक द्रव्य सोंपवून दिल्याचा दाखला आहे. त्यांत एक गोष्ट आपल्या दृष्टींतून निसटते. पांचांचे दहा करणाऱ्या चाकराची जी वाखाणणी धन्यानें केली, तीच वाखाणणी त्याच शब्दांनीं दोनांचे चार करणाऱ्याचीहि केली. शेजारच्या मुलाला किती मिळालें, हा त्या धन्याचा हिशेबच नव्हता.

हें केवळ व्यासपीठावरून सांगण्याचें बोलणें नव्हे. आमच्याच पुणें जिल्ह्यांत तें आचरून दाखविलेलें आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांव आहे. तेथें पंडिता रमाबाईंनीं मुक्तिसदन उभारिलें. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांची संस्कृत विद्या पाहून कलकत्त्याच्या विद्वानांनीं १८७८ सालीं त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. अशा विदुषीनें आपल्या शाळेंत पाठांतरालाच सर्व मान दिला असता, तर नवल नव्हतें. परंतु १८८६ सालीं अमेरिकेस गेल्यावर त्यांनीं फ्रोबेलच्या बालशिक्षणाच्या पद्धतीचा अभ्यास केला. मूल हातांनीं, खेळानें आणि वस्तु हाताळून शिकतें, हें त्या पद्धतीचें सूत्र. परत येऊन त्यांनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें, आणि पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतून शेंकडों निराधार मुली केडगांवास आणिल्या.

त्या मुली उपाशी, रोगट आणि घाबरलेल्या होत्या. कोणती मुलगी हुशार निघेल, ह्याची परीक्षा घेऊन रमाबाईंनीं त्यांना दारांत घेतलें नाहीं. आधीं अन्न, वस्त्र आणि निवारा दिला. काम नंतर शोधलें. कोणी लिहिण्यावाचण्यांत पुढें गेली, कोणी शेतींत, कोणी दूधदुभत्यांत, कोणी विणकामांत किंवा शिवणांत. ज्यांना दृष्टि नव्हती त्यांच्यासाठीं रमाबाईंची कन्या मनोरमा हिनें ब्रेल लिपि शिकून घेतली व त्यांना वाचावयास शिकविलें. तेथें छापखानाहि होता. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचें जें मराठी भाषांतर केलें, त्याचे खिळे तेथील बायकामुलींनींच जुळविले. रमाबाई १९२२ सालीं निवर्तल्या आणि तें समग्र भाषांतर १९२४ सालीं बाहेर पडलें. भाषांतर करणारी एक, खिळे जुळविणारी दुसरी, त्या सर्वांसाठीं भाकरी भाजणारी तिसरी. ह्यांपैकीं एकीवांचून तो ग्रंथ आपल्या हातीं आला असता काय?

आतां शास्त्र काय म्हणतें, तेंहि थोडक्यांत पाहूं. बुद्धि मोजण्याची पहिली उपयुक्त पद्धति फ्रान्समध्यें आल्फ्रेड बिने ह्यानें आपल्या सहकाऱ्यासह १९०५ सालीं तयार केली. आपल्याकडे डॉ. कामत यांनीं तिचें कानडी व मराठी मुलांसाठीं रूपांतर केलें, आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. बिनेचा मूळ हेतु, कोणत्या मुलांना शाळेंत अधिक मदत पाहिजे हें ओळखण्याचा होता. बुद्धि ही जन्मभर एकाच मापाची राहते, हें मत त्याला मान्य नव्हतें. मदतीसाठीं काढलेलें माप पुढें लोकांनीं शिक्का मारण्यासाठीं वापरलें. १९८३ सालीं अमेरिकेंतील हॉवर्ड गार्डनर यांनीं असें मांडलें, कीं बुद्धि एक नसून अनेक आहेत: भाषेची, गणिताची, आकार व जागा जाणण्याची, संगीताची, शरीराच्या हालचालींची, दुसऱ्याचें मन ओळखण्याची आणि स्वतःचें मन ओळखण्याची. पुढें त्यांनीं तींत निसर्ग जाणण्याच्या बुद्धीची भर घातली. ह्या बुद्धि खरोखर एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असा पुरेसा पुरावा नाहीं, असें कित्येक मानसशास्त्रज्ञ म्हणतात. तो वाद त्यांचा त्यांनीं मिटवावा. मुलांचे कल आणि सामर्थ्य सारखें नसतें, हें मात्र ज्यानें एक वर्ष वर्ग सांभाळला आहे त्याला कोणी सांगावयास नको.

येथें एक इशारा दिला पाहिजे. 'ढ' हा जुना शिक्का पुसून 'हा हातानें काम करणारा', 'ही गाणारी' असे नवे शिक्के मारूं नका. यंत्राची आवड आहे म्हणून वाचन सोडून द्यावें, असेंहि नव्हे. माझ्या मुलानें फेरपरीक्षा देऊन गणित सोडविलें, औंधच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत टर्नरचें काम शिकला, आणि आज तो लेथवर उभा राहतो. जे दशांश अपूर्णांक मीं त्याला फळ्यावर शिकवूं शकलों नाहीं, ते त्याला मायक्रोमीटर हातीं घेतल्यावर कळले. कारण तेथें मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक झाली, तरी वस्तु फुकट जाते.

तेव्हां आईबापांनीं काय करावें? निकालाच्या दिवशीं गुण विचारण्याच्या आधीं मुलाला त्याच्या नांवानें हांक मारावी आणि एका पंक्तीला घेऊन जेवावें. कोणत्या कामांत तें भूक विसरतें, इकडे लक्ष ठेवावें, आणि त्या प्रकारचें एखादें खरेंखुरें काम त्याच्यावर सोंपवून तें पुरें करूं द्यावें. ज्या विषयांत तें मागें पडतें, तेथें त्याच्याजवळ बसावें. भावाबहिणींची तुलना तर कदापि करूं नये.

कोणी म्हणेल, मास्तर, तुमच्या मुलाला निदान यंत्राचा हात तरी होता; आमचें मूल कधींच आपल्या पायांवर उभें राहणार नाहीं, त्याचें काय? अशीं आईबापें आपल्या मंडळींत आहेत, आणि माझ्या बोलण्याची खरी कसोटी त्यांच्यापाशींच आहे. करिंथकरांस लिहितांना पौलानें मंडळीला शरीराची उपमा दिली, आणि जे अवयव अशक्त दिसतात तेच अधिक अगत्याचे आहेत, असें सांगितलें. मुलाचें मोल त्याच्या गुणांवर ठरतें असें मानलें, तर ह्या आईबापांना आपल्यापाशीं उत्तर नाहीं. तें मोल देवाच्या प्रीतीवर ठरतें असें मानलें, तरच उत्तर आहे.

अपेक्षा आणि आशा ह्यांतला भेद मला फार उशिरां कळला. अपेक्षा मुलाकडे पाहते आणि त्यानें काय आणून दिलें तें मोजते. तें कमी भरलें, कीं ती रागावते. आशा देवाकडे पाहते आणि मुलाचा हात धरून चालते. मूल अडखळलें, तर तीहि थांबते.

मुलाची क्षमा मागावयास मला बारा वर्षें लागलीं. एके सायंकाळीं मी भोसरीला त्याच्या कारखान्यांत गेलों होतों. त्यानें नुकतीच कांतलेली पोलादाची एक कडी माझ्या हातीं ठेविली. ती अजून कोमट होती. पाहुण्यांच्या देखत बोललेला तो शब्द मीं त्याला आठवून दिला आणि म्हणालों, "बाळा, मीं चुकीचें बोललों." तो कांहीं वेळ हात पुशीत राहिला. मग म्हणाला, "बाबा, घरीं चला, आई जेवणाची वाट पाहत असेल."

ज्या घरांचीं दारें आज लोटलेलीं असतील, त्यांनीं बारा वर्षें लावूं नयेत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.