बटण बडवून हादोकेन सुटत नाही

नव्वदच्या दशकात व्हिडिओगेम पार्लरमध्ये ज्यांनी खाऊचे पैसे उडवले, त्यांना तो आवाज आठवत असेल: बटणांवर तळहात आपटल्याचा. गल्ल्यावरून पार्लरवाला ओरडायचा, "ए, फोडशील!" आपटणाऱ्याचं म्हणणं एकच, जोरात मारलं की जोरात लागतं.

ही समजूत अगदीच हवेतली नाही, फक्त ती दुसऱ्या गेमची आहे. कॅपकॉमने १९८७ मध्ये पहिला 'स्ट्रीट फायटर' काढला, तेव्हा त्याच्या एका प्रकारच्या मशीनला दोनच मोठी, दाब ओळखणारी बटणं होती. एक ठोशाचं, एक लाथेचं. जितकं जोरात हाणाल तितका मोठा फटका. ही बटणं लवकर मोडायची. मग जोराच्या तीन पायऱ्या तीन वेगळ्या बटणांना वाटून दिल्या गेल्या. १९९१ चा 'स्ट्रीट फायटर टू', म्हणजे आपल्यातले बहुतेक जण खेळले तो, सहा बटणांचा. वर ठोसे, खाली लाथा, डावीकडून हलका, मध्यम, जोरदार. प्रत्येक बटणाखाली साधा स्विच. बोट टेकवा नाहीतर कोपर मारा, मशीनला दोन्ही सारखंच.

आणि जोरदार बटण हेच नेहमी फायद्याचं, हाही भ्रमच. जोरदार लाथ हुकली तर पाय परत खाली येईपर्यंत तुम्ही उघडे पडता. हलका ठोसा कमी दुखवतो, पण लगेच निघतो आणि लगेच परत येतो. भराभर बटण दाबून खरोखर काही मिळतं ते मोजक्याच खेळाडूंच्या खास फटक्यांत: होंडाच्या शंभर थपडा, चुन-लीच्या सपासप लाथा, ब्लांकाचा करंट. शिवाय मार खाऊन आपल्या खेळाडूला चक्कर आली की दांडा हलवत बटणं दाबत राहिल्याने शुद्ध लवकर येते. एरवी बडवणारा जिंकतो, कारण समोरचाही बडवतच असतो.

हादोकेनचंच बघा, म्हणजे र्‍यू या खेळाडूच्या हातून सुटणाऱ्या गोळ्याचं. र्‍यू डावीकडे उभा असेल तर दांडा खाली, खाली-पुढे तिरका, मग पुढे, आणि लगेच ठोसा. पाव वर्तुळ. घाईत तिरकी जागा सुटते आणि र्‍यू नुसताच हवेत ठोसा मारतो. मग आपण म्हणणार, "दांडा खराब आहे." कधी कधी असायचाही, पण दर वेळी नाही.

कॉम्बो म्हणजे कंपनीने मुद्दाम बसवलेली करामत, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती नजरचुकीतून निघाली. मोटार फोडण्याचा बोनस टप्पा तपासताना नोरिताका फुनामिझु या निर्मात्याच्या लक्षात आलं की वेळ नेमकी साधली तर एका फटक्याला दुसरा जोडता येतो. इतकं अचूक कोणाला जमणार, असं वाटून त्याने ते तसंच राहू दिलं. जमलं मात्र जगभरच्या पोरांना. बसून मध्यम लाथ मारायची आणि ती लागते न लागते तोच हादोकेनची खूण पुरी करायची. पाय मागे घेण्याची हालचाल गाळून र्‍यू थेट गोळा सोडतो. समोरचा अजून लाथेने हेलपाटत असतो, त्याला अडवायला वेळच मिळत नाही. आज मारामारीच्या बहुतेक गेमचा पाया असलेली ही गोष्ट आधी दोषच होता.

पकडून आपटणं म्हणजे चीटिंग, हा तर पार्लरचा अलिखित कायदा होता. माझ्या डोळ्यांदेखत यावरून मित्रांचं बोलणं बंद झालंय. पण पकड नसती तर हा गेम चाललाच नसता. दांडा मागे धरून बसलेल्याला फटके लागत नाहीत; हादोकेनसारखा खास फटका अडवला तर किंचित रक्त जातं, तेवढंच. अशा माणसाला उठवायचं कसं? पकडीने, कारण पकड अडवताच येत नाही. अडवणारा फटक्याला हरवतो, पकड अडवणाऱ्याला हरवते, फटका पकडायला येणाऱ्याला हरवतो. दगड-कागद-कात्रीच आहे ही. पकड वगळून खेळणं म्हणजे कात्री काढायची नाही असं ठरवून खेळणं.

हवेतून हादोकेन सोडणारा र्‍यू अनेकांनी शपथेवर पाहिलेला असतो. ते खोटं बोलत नाहीत. १९९२ च्या सुमारास मूळ बोर्डात फेरफार केलेल्या बनावट आवृत्त्या पसरल्या होत्या. त्यांत गोळे हवेतून सुटायचे, वळणं घेत पाठलाग करायचे, चालू लढतीत खेळाडूही बदलता यायचा. कॅपकॉमने त्याच वर्षी वेग वाढवलेली टर्बो आवृत्ती आणली, त्यामागे या बनावट बोर्डांचा धसकाही होता.

शेंग लाँग हा गुप्त गुरू मात्र कुठल्याच बोर्डात नव्हता. र्‍यूच्या तोंडच्या 'शोर्यूकेन' या फटक्याच्या नावातली चिनी लिपीतली अक्षरं भाषांतरात चिनी उच्चाराने वाचली गेली आणि फटक्याचा माणूस झाला. एप्रिल १९९२ मध्ये एका अमेरिकी मासिकाने त्याला भेटण्याची कृतीही छापली. एप्रिल फूल होतं ते.

राहिली शेवटची तक्रार: मशीन लबाडी करतं. गाईल या खेळाडूचा सॉनिक बूम सोडायचा तर आपल्याला दांडा क्षणभर मागे दाबून धरावा लागतो, मग पुढे आणि ठोसा. मशीनचा गाईल मात्र पुढे चालत येतो आणि चालता चालताच तो सोडतो. त्याला दांडाच नाही, मग मागे धरणार काय? वर एकाच ठोशाने कधी जास्त, कधी कमी रक्त जायचं, तेही गेममध्येच तसं ठेवलेलं होतं. या बाबतीत पार्लरमधली पोरं बरोबर होती.