मित्राला शास्त्रीय संगीत ऐकवायचंय, पहिला अल्बम कुठला?

परवाच्या भागाचं हे शब्दांकन. भागात मध्ये मध्ये वाजवलेले तुकडे कागदावर उतरत नाहीत, म्हणून त्या ठिकाणी काय ऐकायचं ते जरा जास्त सविस्तर लिहिलंय.

एक प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात: ‘मित्राला शास्त्रीय ऐकायची गोडी लावायचीय, पाच अल्बम सांगा.’ मी पाच सांगणार नाही. मी आधी चौदा देऊन बसलोय, आणि त्याचं काय झालं ते ऐका.

माझा एक मित्र पालीचा. पाली म्हणजे वेल्ह्याकडची, राजगडाच्या पायथ्याची. पुण्याहून नसरापूर, मार्गासनी, साखर, वाजेघर आणि मग पाली. पाचवीपासूनची आमची दोस्ती. त्याचा पिकअप आहे, दुधाचे कॅन आणि भाताची पोती वाहतो. शिवाय गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो, आणि चांगला वाजवतो. मला वाटलं, ह्याला शास्त्रीय आवडणारच. म्हणून एका पेन ड्राइव्हवर चौदा अल्बम भरले. सगळे निवडक. पहिलंच मल्लिकार्जुन मन्सूर, कारण माझ्या मते त्यांच्या पुढं कुणी नाही.

वर्षभर त्यानं विषयच काढला नाही. मग एकदा त्याच्या गाडीत बसलो तर तोच पेन ड्राइव्ह लावलेला, आणि त्यात भारुडं. माझं सगळं पुसून टाकलेलं. मी विचारलं तर हसला आणि म्हणाला, “आम्हाला न्हाई कळत तुमचं.”

त्यातलं ‘आम्हाला’ आणि ‘तुमचं’ मला फार लागलं. एका बाकावर बसलेली आम्ही पोरं, आणि मी त्याच्या हातात अशी गोष्ट दिली की तिनं आमच्यात रेघ मारली. त्याला गाणं आवडलं नाही असं झालं असतं तर चाललं असतं. झालं असं की त्याला स्वतःच कमी पडल्यासारखं वाटलं.

चूक कुठं झाली ते त्याच्याच गावात सापडलं. राजगडावर जायला पुण्याची पोरं बहुतेक गुंजवण्यातून चढतात. शेवटी चोर दरवाज्याजवळ अंगावर येणारा खडा चढ. पालीकडून मात्र पाली दरवाज्याला पायऱ्यांची ऐसपैस वाट आहे. तो नेहमी म्हणतो, “पायऱ्या असताना कड्याला कशाला चिकटायचं?” मन्सूरअण्णा म्हणजे तो कडा. जोडराग, अनवट राग, श्वास कुठं घेतला कळू न देता तानेतून तान. दोन राग वेगवेगळे ओळखीचे असतील तर जोडरागातली गंमत कळते. ज्याला एकही राग नावानं माहीत नाही, त्याला ती कशी कळावी?

म्हणून दुसऱ्यांदा मी अल्बम निवडण्याआधी त्याच्या कानात आधीपासून काय आहे ते पाहिलं. होतं ते म्हणजे अभंग आणि ठेका.

सुरुवात केली पंडित भीमसेन जोशींच्या अभंगवाणीपासून, आणि त्यातही ‘तीर्थ विठ्ठल’पासून. नामदेवांचा अभंग, चाल राम फाटक यांची. हा त्याला तोंडपाठ. मी फक्त एवढंच सांगितलं की ह्या चालीमागचा राग अहीर भैरव. रिषभ कोमल, निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध, वेळ पहाटेची. त्यानं मान हलवली, त्याला काही विशेष वाटलं नाही. वाटायची गरजही नव्हती.

लगेच पुढं लावला ‘कॉल ऑफ द व्हॅली’. आता ह्याच्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण ओळख करून देण्यासाठी ह्याच्याइतका सोयीचा अल्बम मला दुसरा माहीत नाही. एचएमव्हीनं काढलेली 1967 ची एलपी. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, तबल्याला माणिकराव पोपटकर. पहिले दोघं तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे आपलेच, ना. घ. देशपांड्यांची शिळेवरची कविता गाऊन मराठी भावगीताची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक. पुढं ते एचएमव्हीत रेकॉर्डिंगचं काम पाहू लागले. त्यांचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ मिळालं तर जरूर वाचा.

अल्बमची कल्पना साधी आहे. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा एक दिवस. पहाटेपासून रात्रीपर्यंत राग बदलत जातात: अहीर भैरव, नट भैरव, मग पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. आलापीत तास जात नाही, सगळं मिळून साधारण एका एलपीचा वेळ. एकच वाद्य सतत कानावर नसतं, त्यामुळं नवख्याचा कान थकत नाही. काही जाणकार ह्याला ‘हलकं’ म्हणतात. म्हणू द्या. पायऱ्यांच्या वाटेनं गेलं म्हणून गड काही ठेंगणा होत नाही.

आम्ही तो ऐकला त्याच्याच पिकअपमध्ये, सकाळी दुधाच्या फेरीला, मार्गासनीकडं उतरताना. संतूर सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. तो एकदम म्हणाला, “आरं, हा आपला विठ्ठल हाय की.” राग ओळखला होता त्यानं! नाव नाही आठवलं त्याला, पण नावाचं काय एवढं.

दुसरी गंमत तालाची. त्यातला भूप झपतालात आहे. दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन अशी विभागणी. आमचे गडी आयुष्यभर भजनी ठेक्यावर, म्हणजे आठ मात्रांवर. स्टिअरिंगवर बोटं वाजवायला लागला आणि दर आवर्तनाला दोन मात्रा आधीच समेवर येऊन थांबायचा. चिडला. “ह्याच्या पायात कायतरी लंगडं हाय,” म्हणाला. दोन वेळा मागं घेऊन ऐकला, तिसऱ्यांदा बरोबर समेवर आला आणि हॉर्न वाजवला. पुढं देस दादऱ्यात, सहा मात्रा, आणि पहाडी केरव्यात, परत आठ. पहाडी आल्यावर घरी आल्यासारखा सैल बसला.

हे मला सुचलंच नव्हतं. मी रागाच्या वाटेनं नेत होतो, तो तालाच्या वाटेनं आत शिरला. तुमचा मित्र तबला, ढोल, ड्रम असलं काही वाजवणारा असेल तर रागाचं व्याकरण सांगत बसू नका, त्याला मात्रा मोजू द्या. आणि तो गिटारवाला असेल तर काब्रांपासून सुरुवात करा. हिंदी सिनेमावाला असेल तर ‘मेरी सूरत तेरी आँखें’मधलं मन्ना डेंचं अहीर भैरवातलं गाणं आहेच.

तिसरी पायरी मी लहान ठेवली. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या तबकड्या. त्या काळी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळं खाँसाहेबांनी अख्खा राग तेवढ्यात बसवलाय. खरखर आहे, पण आवाज काळजात जातो. खाँसाहेब मिरजेचे, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन. म्हणजे अभंगवाणीतल्या आवाजाच्या आजोबांनाच भेटलो म्हणा ना. ही नाती सांगितली की त्याला बरं वाटतं. दिंडीतली परंपरा त्याला माहीतच आहे, घराणं म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागलं नाही.

चौथी पायरी किशोरी आमोणकरांचा भूप. ‘कॉल ऑफ द व्हॅली’तला भूप आता ओळखीचा झालेला. मंडळातल्या पेटीवाल्यानं त्याला पट्ट्या दाखवल्या: सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. एवढ्या पाच स्वरांत ताई काय उभं करतात ते ऐक, असं म्हणून लावला. खरं सांगतो, विलंबित ख्यालात तो अजून हरवतो. सम यायला इतका वेळ लागतो की तोवर त्याचं लक्ष रस्त्यावर जातं. तो सरळ पुढं ढकलून ‘सहेला रे’वर येतो. पहिल्यांदा मी रागावणार होतो. मग गप्प बसलो. पेन ड्राइव्हच्या वेळी माझ्याकडून तेवढंच राहिलं होतं.

गेल्या महिन्यात त्यानंच विचारलं, “ते पहिलं दिलं होतंस, ते म्हातारं कोण होतं?” मी सांगितलं, मन्सूर. तेही किशोरीताईंच्याच जयपूर-अत्रौली घराण्यातले. ह्यांनी अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडं तालीम घेतली, तर ताईंच्या आई मोगूबाई स्वतः खाँसाहेबांकडं शिकल्या. “मग परत भर,” म्हणाला, “पण एकच भर. आणि लावणी झाल्यावर. आत्ता चिखलात डोकं चालत न्हाई.”

कुठला भरावा ह्यावर मी अजून अडून बसलोय. सुचलं तर कळवा.