मातीवरची फिरती स्पर्धा

टेनिसचा खेळ इंग्लंडात हिरवळीवर वाढला, हे बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु हिरवळ राखणे ही खर्चाची बाब आणि तिला हवामानाचीही साथ लागते. त्यामुळे हा खेळ जसजसा देशोदेशी पसरला, तसतसा तो हिरवळीवरून मातीवर उतरला. पॅरिस येथील रोलाँ गारोसच्या प्रांगणात १९२८ सालापासून चुनखडीच्या थरावर विटांची बारीक पूड पसरून खेळ चालतो. आपल्या देशात क्लब लहान आणि निधी थोडा. तेव्हा माती चोपून, पाणी शिंपडून, वरून रूळ फिरवून कोर्ट तयार करण्याची रीत पडली. काही ठिकाणी वरच्या थरात शेणही कालवीत. अंगण सारवणाऱ्या गृहिणीस त्याचे कारण सांगावयास नको. शेणाने धूळ बसते आणि जमीन घट्ट राहते.

मातीचा खेळही निराळा. चेंडू जमिनीवर टेकला की त्याचा वेग मंदावतो आणि तो अधिक उंच उसळतो. म्हणून नुसत्या जोरकस सर्व्हिसवर सामना जिंकता येत नाही. चेंडू पुनःपुन्हा परतवीत, प्रतिस्पर्ध्यास एका बाजूकडून दुसरीकडे पळवीत गुण मिळवावा लागतो. खेळाडू पाय घसरवीत चेंडू गाठतो. चेंडूची खूण मातीत उमटते, आणि रेषेबद्दल वाद झाल्यास पंच उंच खुर्चीवरून उतरून ती खूण पाहतात, हे दृश्य मातीच्या कोर्टावरच दिसते. कोर्टाच्या देखभालीस मात्र रोज माणसे लागतात.

अशा मातीशी नाते असलेली एक वार्षिक व्यावसायिक स्पर्धा १९७० च्या दशकात आपल्या देशात भरत असे, आणि १९७६ साली तिचे यजमानपद बंगळूरकडे आले होते. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी माणसास जुन्या ओळखीचे असलेले हे शहर त्या वेळी राजधानी म्हणून नव्या नावाच्या राज्याचे होते. म्हैसूर राज्याचे 'कर्नाटक' होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती.

ही स्पर्धा कशी जन्मास आली हे समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. १९६८ पर्यंत विंबल्डनसारख्या मोठ्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. पैसे घेऊन खेळणाऱ्यास तेथे प्रवेश नसे. त्या वर्षी ही भिंत पडली. १९७० साली 'ग्राँ प्री' नावाची स्पर्धामालिका सुरू झाली आणि निरनिराळ्या देशांतील स्पर्धा एका सूत्रात गुंफल्या गेल्या. प्रत्येक स्पर्धेत बक्षिसाची रक्कम आणि गुण मिळत. १९७३ च्या ऑगस्टमध्ये संगणकाच्या साहाय्याने जागतिक क्रमवारीही प्रसिद्ध होऊ लागली. त्याच वर्षी भारतीय स्पर्धा या मालिकेत आली.

आरंभ नवी दिल्लीत झाला. विजय अमृतराज या मद्रासच्या तरुणाने ऑस्ट्रेलियाच्या मॅल अँडरसनला पाच सेटच्या झुंजीनंतर हरविले. अखेरचा सेट ११-९ असा लांबला होता. पुढील वर्षी स्पर्धा मुंबईस गेली, तेथे न्यूझीलंडच्या ओनी पारूनने टोनी रोशवर मात केली. १९७५ साली कलकत्त्यात विजयने स्पेनच्या मान्युएल ओरांतेसला नमविले. ओरांतेस हा काही सामान्य प्रतिस्पर्धी नव्हे. काही महिन्यांपूर्वीच त्याने जिमी कॉनर्सला हरवून अमेरिकेचे अजिंक्यपद मिळविले होते, आणि तेही मातीवर.

त्यानंतर बंगळूर. येथे अंतिम सामना झाला तो ऑस्ट्रेलियाचा किम वॉर्विक आणि भारताचा शशी मेनन यांच्यात. वॉर्विकने ६-१, ६-२ असा सहज विजय मिळविला. आकडे पाहता सामना एकतर्फी झाला हे उघड आहे, आणि ते झाकण्याचे कारण नाही. हाच वॉर्विक पुढे १९८० च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, यावरून त्याची योग्यता कळते. तरीही प्रस्तुत लेखकास त्या निकालापेक्षा मेननचे अंतिम फेरीत असणे अधिक महत्त्वाचे वाटते. डेव्हिस चषकासाठी भारतातर्फे खेळलेल्या या खेळाडूची विजय अमृतराजइतकी कीर्ती नव्हती. आंतरराष्ट्रीय मालिकेतील अंतिम सामना त्याच्या वाट्यास आला तो आपल्याच देशातील एका शहरात.

त्या काळी परदेशी जाऊन खेळणे किती अवघड होते, याची आजच्या पिढीस कल्पना येणे कठीण आहे. विमानाचे भाडे तर जड होतेच. पण पैसे असले तरी परकीय चलन हवे तेवढे मिळत नसे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने ही बंधने अधिकच कडक केली होती. इकडे क्रमवारीचा नियम असा की, गुण असतील तर मोठ्या स्पर्धेत प्रवेश, आणि प्रवेश मिळेल तर गुण. हे कोडे घरची स्पर्धा सोडविते. यजमान देशाच्या काही खेळाडूंस तीत थेट स्थान देता येते, प्रवासखर्च वाचतो, आणि पायाखालची माती ओळखीची असते.

बंगळूरहून स्पर्धा १९७७ साली पुन्हा मुंबईस आली व विजयने अमेरिकेच्या टेरी मूरला हरविले. १९७८ साली कलकत्त्यात अठरा वर्षांच्या एका फ्रेंच मुलाने बाजी मारली. त्याचे नाव यानिक नोआ. पाच वर्षांनी, १९८३ साली, रोलाँ गारोसच्या लाल मातीवर त्याने फ्रान्सला तब्बल ३७ वर्षांनंतर पुरुषांचे एकेरी अजिंक्यपद मिळवून दिले. १९७९ साली मुंबईत विजयने जर्मनीच्या पीटर एल्टरवर विजय मिळविला. एक वर्षाआड, म्हणजे १९७३, ७५, ७७ व ७९ या विषम सालीच विजय जिंकावा आणि मधल्या तिन्ही वेळा पाहुण्यांनी करंडक न्यावा, हा योगायोग गमतीचा खरा.

तेथे ही स्पर्धा थांबली. सात वर्षांत चार शहरे झाली; एकाही शहरी ती सलग दोन वर्षे भरली नाही. फिरत्या जत्रेप्रमाणे ती आली आणि गेली. अनेक शहरांस खेळ पाहावयास मिळाला, हा लाभ मान्य केलाच पाहिजे. पण जी स्पर्धा दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात त्याच प्रांगणात भरते, तिच्याभोवती प्रेक्षक, कारागीर, चेंडू उचलणारी मुले आणि आश्रयदाते हळूहळू जमा होतात. तो काळ हिला मिळालाच नाही.

उणीव जाणवली ती पुढच्या पिढीस. रमेश कृष्णन १९७९ साली विंबल्डनचा कुमार विजेता झाला, १९८५ साली जागतिक क्रमवारीत २३ व्या स्थानी पोहोचला आणि १९८६ साली विंबल्डनच्या उपान्त्यपूर्व फेरीत खेळला. त्याच्या भराच्या या वर्षांत एवढ्या दर्जाची पुरुषांची वार्षिक स्पर्धा भारतात नव्हती. ती परत आली १९९६ साली नवी दिल्लीत. पुढच्याच वर्षी मद्रासमध्ये, म्हणजे नव्या नावाच्या चेन्नईत गेली, तेथे वीस वर्षे टिकली आणि २०१८ पासून काही वर्षे पुण्याजवळ बालेवाडी येथे भरली. पण ती सारी पक्क्या कोर्टांवर.

बंगळूरनेही पुढे पक्के कोर्टच पत्करले. २००६ ते २००८ या काळात तेथे महिलांची मोठी स्पर्धा झाली. अखेरच्या वर्षी सेरेना विल्यम्सने पॅटी श्नायडरला हरविले. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात हवा किंचित विरळ असल्याने चेंडू अधिक वेगाने जातो. पक्क्या कोर्टाची त्यात भर पडली की जोरकस फटक्यांचे फावते. २०१५ पासून कब्बन पार्कमधील प्रांगणात पुरुषांची चॅलेंजर स्पर्धा होऊ लागली. तिचा दर्जा एक पायरी खालचा असला, तरी २०१७ साली सुमित नागल आणि २०१८ साली प्रज्ञेश गुणेश्वरन हे भारतीय खेळाडू ती जिंकू शकले.

यांपैकी नागलचा खेळ मातीचा. मुलगा असताना तो हरियाणाहून शिकावयास बंगळूरला आला, आणि पुढे मातीवरील सरावासाठी जर्मनीस गेला. २०२४ च्या एप्रिलमध्ये माँटे कार्लोच्या मातीवर मुख्य फेरीचा एकेरी सामना जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला.