सिरोंचा परिसरातील मत्स्यनामे

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहितेच्या डाव्या तीरावर सिरोंचा वसले आहे. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमापासून प्राणहिता हे नाव धारण करणारी ही नदी गावापासून थोड्याच अंतरावर गोदावरीस मिळते. संगमाच्या पलीकडे तेलंगणातील काळेश्वरम् आहे. तेथून खाली, सोमनूरजवळ, बस्तरच्या पठारावरून उतरलेली इंद्रावतीही गोदावरीत येते. नद्यांप्रमाणे भाषांचाही येथे संगम आहे. मराठी, तेलुगू आणि माडिया-गोंडी या तिन्ही भाषा या काठांवर नांदतात. एकाच डोहातील एकाच माशाला तीन भाषांत काय म्हणतात, हा प्रश्न वरवर पाहता शब्दसूचीपुरता वाटतो. तथापि त्याच्या मुळाशी एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे : शब्द ग्रंथाकडून नदीकाठाकडे जातात, की नदीकाठाकडून ग्रंथाकडे?

प्रथम ‘मासा’ या सामान्यनामाचाच विचार करू. मराठी ‘मासा’ हा संस्कृत ‘मत्स्य’, प्राकृत ‘मच्छ’ या वाटेने आला. प्राकृतातील ‘च्छ’चा मराठीत ‘स’ वा ‘श’ होतो. ‘मक्षिका’पासून ‘माशी’ झाली ती याच नियमाने. तेलुगूत रोजच्या बोलण्यातील शब्द ‘चेप’ हा होय. ‘मीनु’ हा शब्द त्या भाषेत ग्रांथिक वळणाचा असला तरी ‘कोर्रमीनु’सारख्या नावात तो सर्वांच्या तोंडी आहे, कोर्रमीनु म्हणजे आपला मरळ. गोंडीत मात्र माशाला सरळ ‘मीन’ म्हणतात. तमिळ व कन्नड भाषांतही हेच मूळ आढळते.

मराठी विद्यार्थ्याची फसगत नेमकी या ठिकाणी होते. ‘मीन’ त्याला पंचांगातील राशीमुळे परिचित असतो. तो संस्कृत, आणि म्हणून गोंडीने वरिष्ठ भाषेकडून उसना घेतलेला, असे तो सहज गृहीत धरतो. वस्तुस्थिती याच्या उलट दिसते. ऋग्वेदाला ‘मत्स्य’ शब्द ठाऊक आहे. ‘मीन’ संस्कृतात त्यानंतर येतो, आणि तो द्राविडी भाषांतून आला असे टी. बरो यांच्यासह बहुतेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. बरो आणि एमेनो यांच्या १९६१ च्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात या शब्दाचे सगोत्र एकत्र पाहावयास मिळतात. म्हणजे माडिया माणूस गळ टाकताना जो शब्द उच्चारतो, त्याचाच आप्त ज्योतिषाच्या ग्रंथात जाऊन बसला आहे.

हीच दिशा प्राणिशास्त्रीय नामावलीतही दिसते. डोंगराळ मुलखातील खडकाळ, खळाळत्या पाण्यातला नामांकित मासा म्हणजे महाशीर. गोदावरी व कृष्णा यांच्या खोऱ्यांतील त्याच्या जातीचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’ असे आहे. कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने कोळ्यांच्या तोंडची नावे लॅटिन नामावलीत जशीच्या तशी घेतली. ‘खुद्री’ हे त्यांपैकी एक. ‘कोलुस’, ‘नुक्ता’, ‘बोगट’ ही आणखी काही. ही रूपे इंग्रज कानाने टिपलेली आहेत, ही गोष्ट अर्थातच विसरता कामा नये. ‘टॉर’ हा पूर्वार्धही देशीच होय. गंगेच्या माशांवरील बुकॅनन-हॅमिल्टनच्या १८२२ च्या ग्रंथातून तो आला. ‘वालागो’ या प्रजातीचे नाव तर तेलुगू ‘वालुग’वरून पडले आहे. विशाखापट्टणच्या माशांवरील पॅट्रिक रसेलच्या १८०३ च्या ग्रंथात त्याची नोंद झाली होती.

याउलट उदाहरण ट्राउटचे. काश्मीर व निलगिरी येथील थंड प्रवाहांत हा मासा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सुमारास बाहेरून आणून सोडण्यात आला, आणि त्याचे नावही त्याच्याबरोबरच आले. सोडलेला मासा नाव घेऊन येतो. नदीत जन्मलेल्या माशाला नाव काठावरचा माणूस देतो.

असे नाव केवळ खूण नसते. त्यात निरीक्षण साठविलेले असते. गोदावरीच्या मुखाकडे समुद्रात जो मासा ‘इलस’, तोच पावसाळ्यात नदीत चढला की ‘पुलस’ होतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने जात एक, पण कोळ्याच्या दृष्टीने पाणी, ऋतू आणि चव ही तिन्ही बदलली. म्हणून नावही बदलले. ‘पुलस म्हणजे हिल्सा’ एवढीच नोंद करणारा कोशकार शब्दाचा अर्थ देतो, पण त्यातील ज्ञान गाळतो.

मत्स्यनामांचा संग्रह करताना म्हणूनच काही पथ्ये पाळावी लागतात. चित्र दाखवून नाव विचारणे पुरेसे नाही. मासा प्रत्यक्ष जाळ्यात वा डोंग्यात असताना विचारावे. लहान पिलाचे आणि वाढलेल्या माशाचे नाव एकच आहे का, हे पडताळावे. तो कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यात, जाळ्याने की गळाने की बांबूच्या सापळ्याने मिळतो, हे नावाशेजारी लिहावे. मुख्य म्हणजे तिन्ही भाषांतील नावे स्वतंत्रपणे मिळवावीत. माडिया भाषकाला मराठीतून प्रश्न विचारला, तर उत्तरही पुष्कळदा मराठीतच येते, आणि मूळ नाव मनातच राहते.

या कामाला आज निकड आहे. दवलेश्वरमच्या १८५२ मध्ये पूर्ण झालेल्या बंधाऱ्याने पुलसची वर चढण्याची वाट बव्हंशी अडविली. आज ते नाव खालच्या गोदावरीचेच होऊन राहिले आहे. सिरोंचाच्या खाली मेडिगड्डा बंधारा २०१९ मध्ये कार्यान्वित झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. बंधारा कोठलाही असो, वाहते पाणी साठले की खडकाळ प्रवाहातील माशांचे क्षेत्र आकसते. तलावांतून व जलाशयांतून सोडले जाणारे कटला, रोहू व मृगळ ही नावेही बाजारात सर्वत्र एकसारखीच ऐकू येतात. तेलुगूत कटल्याला ‘बोच्चे’ असा स्वतःचा शब्द आहे, हे नदीपलीकडे गेल्यावरच कळते.

मासा दिसेनासा झाला की त्याचे नाव एखादी पिढी आठवणीत राहते. पुढच्या पिढीला ते नुसते ऐकीव होते, आणि मग ते कोणत्या माशाचे हे सांगणारा कोणी उरत नाही. साइक्सने नावे टिपली म्हणून दख्खनच्या कोळ्यांचे काही शब्द जगाच्या शास्त्रात टिकून राहिले. प्राणहिता-इंद्रावतीच्या काठांवरील नावे मराठी, तेलुगू आणि गोंडी अशा तिन्ही रूपांत, माशाच्या नमुन्यासह व ऋतूच्या नोंदीसह टिपली जाणे आवश्यक आहे. हे काम भाषाभ्यासकाने प्राणिशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन करावयाचे आहे. आणि त्या दोघांचाही गुरू डोंग्यात बसलेला असेल, याची जाणीव ठेवूनच करावयाचे आहे.