स्थिर आवृत्ति कीं नवी ?

नवी वस्तु जुनीहून सरस असावयाचीच, अशी सामान्य समजूत असते. संगणकाच्या बाबतींत ती तपासून पाहणें इष्ट होय. कारण ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर संगणकाचा सारा कारभार चालतो, तिच्या स्थिर व नव्या अशा दोन्ही आवृत्त्या पुष्कळदां एकाच वेळीं उपलब्ध असतात.

इयन मर्डॉक यांनीं १९९३ सालीं आरंभिलेली डेबियन ही विनामूल्य प्रणाली याचें चांगलें उदाहरण आहे. नवें काम प्रथम तिच्या 'अस्थिर' शाखेंत येतें. तेथें कांहीं दिवस गंभीर दोष न आढळल्यास तें 'चाचणी' शाखेंत जातें. सुमारें दोन वर्षांनीं त्या शाखेंतील बदल थांबवून व दोष निवारून तिलाच 'स्थिर' म्हणून प्रसिद्ध करतात. तेरावी आवृत्ति ९ ऑगस्ट २०२५ रोजीं याच रीतीनें बाहेर पडली.

स्थिर म्हणजे निर्दोष नव्हे. न बदलणारी, एवढाच त्याचा अर्थ. सुरक्षिततेचे व इतर गंभीर दोष तेवढे दुरुस्त होत राहतात. दीर्घकालीन साहाय्य धरून ही व्यवस्था सुमारें पांच वर्षें चालते.

या संथपणाचा लाभ मार्च २०२४ मध्यें दिसून आला. फायलींचा आकार लहान करणाऱ्या एक्सझेड नांवाच्या साधनांत कोणी बुद्धिपुरस्सर चोरवाट ठेवली होती. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते अस्थिर शाखा वापरीत असतां, यंत्रांत दुरून प्रवेश करण्यास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, असें त्यांना आढळलें. एवढ्याशा खुणेचा माग काढून त्यांनीं २९ मार्च रोजीं तें कारस्थान उघडकीस आणलें. अस्थिर व चाचणी शाखांत तें शिरलें होतें. स्थिर शाखेपर्यंत पोंचलें नव्हतें.

स्थिर शाखेचे लोक सुरक्षित राहिले, ते कोणीतरी पुढें चालत होता म्हणून. यास्तव ज्याला दोष ओळखतां व कळवितां येतात, त्यानें नवी आवृत्ति अवश्य वापरावी. ती एक सेवाच आहे. परंतु घरचा हिशेब, मुलांचा अभ्यास व पत्रव्यवहार ज्या एकाच संगणकावर अवलंबून आहे, तेथें स्थिर आवृत्तीच योग्य. अपवाद एकच : नुकत्याच निघालेल्या यंत्राचे भाग जुन्या आवृत्तीला ओळखतां येत नसतील, तर नवी घेणें प्राप्त होतें. मात्र त्यापूर्वीं महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवण्यास विसरूं नये.